पाच किलोमीटरवरचं धुरांडं

एकदा एक वयोवृद्ध विमान-गुरू आपल्या शिष्येसह माळावरच्या धावपट्टीशी उभे होते. सकाळ झाली होती, पण धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. शिष्येचं नाव केतकी. तिचं एकटीनं करायचं शेवटचं लांबचं उड्डाण राहिलं होतं. उद्या विमान दुरुस्तीला जाणार, म्हणजे परवाना सहा महिने लांबणीवर. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

त्या शाळेचा एक रिवाज होता. पूर्वेला बंद पडलेल्या साखर कारखान्याचं धुरांडं, बरोबर पाच किलोमीटरवर. यंत्रांवर नाही, नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला निदान तेवढ्या लांबचं दिसायलाच हवं, असा नियम. म्हणून विद्यार्थ्यानं रोज धुरांडं पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. दिसलं तर उड्डाण, नाही तर चहा.

"दिसतंय?" गुरूंनी विचारलं.

केतकीनं डोळे बारीक केले. "दिसतंय, सर. पुसट आहे, पण आहे."

गुरूंनी विमानाची किल्ली खिशात टाकली आणि जीप सुरू केली. "बस. त्याला हात लावून येऊ."

हे काय भलतंच, असं तिला वाटलं. पण सरांना विचारायची सोय नव्हती.

कारखान्याच्या आवारात विटांचा ढीग पडला होता. वर पाहावं तर नुसतं पांढरं धुकं. रखवालदार म्हणाला, "काल सांजच्यालाच पाडलं की. तुम्हाला ठाव न्हाई?"

केतकी दोन दिवस गावी गेली होती, आज पहाटेच परतली होती. "सर, शपथेवर सांगते, मी खोटं नाही बोलले."

"ते मला कळलं. खोटं बोलणाऱ्याची मला भीती वाटत नाही, त्याचे कान मी धरू शकतो. तू खरं बोललीस, म्हणून घाबरलो." गुरू ढिगाकडे बघत राहिले. "मोठ्या विमानतळाभोवतीचं आकाश नियंत्रणाखालचं. तिथे टॉवर असतो, तो तुला नाही म्हणतो. आपल्या माळावरचं आकाश मोकळं. इथे नाही म्हणणारं कुणी नाही, तुझ्यावाचून. आणि मनाला एखादी गोष्ट फार हवी असली, की डोळे ती आणून देतात. ढगात शिरलीस तर हेच डोळे तुला क्षितिज दाखवतील. जमीनही दाखवतील, जिथे ती नाही तिथे."

परत धावपट्टीशी उतरल्यावर केतकीनं न राहवून पूर्वेकडे पाहिलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "ते अजून तिथंच आहे."

गुरूंनी बराच वेळ त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "हो. मलाही दिसतंय."

केतकी विमानापाशी गेली, चाकांपुढे लाकडी ठोकळे सरकवले, पंखांचे दोर आवळून बांधले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता.

"आज उड्डाण नाही, सर."