डाव्या पिळाचा दोर

कोंडशी गावाच्या टोकाला पठार संपून एकदम कडा तुटतो. तिथे कातळातच कोरलेला कमरेएवढा खुंटा आहे आणि त्याला वाखाचे दोन जाड दोर बांधलेले असतात. पाहुणे वाकून बघतात आणि मोठ्या हुशारीने सांगतात, "यातला एक उलटा वळला गेलाय हो!" गावातली म्हातारी माणसं त्यावर हसत नाहीत. पाहुण्यांना सावलीत बसवतात, पाणी देतात आणि मग सांगायला लागतात.

फार पूर्वीची गोष्ट आहे, असे सांगतात. कोंडशीला उन्हाळ्यात पाणी एकच, कड्याच्या पोटातल्या झऱ्याचं. ते खालच्या टाक्यात पडे आणि सारं गाव तिथे भरे. पण दर पावसाळ्यात दरड सुटून झऱ्याचं तोंड बुजायचं. ते मोकळं करायला दर चैत्रात एका माणसाला पाटावर बसवून खाली सोडावं लागे. दोर दोन असत, एक तुटला तर दुसरा हवा म्हणून. दोन्ही पाटाच्या वरच्या एकाच कडीत अडकवलेले.

आता झालं होतं असं, की खाली सोडलेला माणूस हमखास गरगर फिरायचा. कुणाचा खांदा कड्यावर आपटे, कुणाचं डोकं. गावाने त्याचा अर्थही लावून ठेवला होता. ज्याच्या मनात खोट, त्याला कड्याची आई फिरवते! त्यामुळे वर आलेल्या माणसाला "लागलं का रे?" असं कुणी विचारत नसे. विचारत, "काय केलं होतंस?" आणि खाली जाऊन न फिरलेला माणूस गावात एकही नव्हता, म्हणजे संशय नाही असं घरही एक नव्हतं. शेजारीण विस्तव मागायला आली, तरी चुलीमागे काय लपवलंय ते आधी बघून घेई.

एका वर्षी कुशा नावाचा तरणाताठा माणूस इतका फिरला, की वर आला तो मेलेलाच. त्या दिवसापासून त्याच्या बायकोला, शेवंताला, टाक्यावर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरावं लागे. कुशा चोरच असणार असं ठरवून, मेलेल्याची खोट जितीच्या माथी मारून गाव मोकळं झालं होतं.

हे दोर वळायचा लिंबा. सात पिढ्या त्याच्या घरात हेच काम. आधी वाखाचे पेड वळायचे आणि मग तीन पेड एकत्र पिळून दोर करायचा. त्याची लेक गजरा आठ वर्षांची, डावखुरी. ती पेड वळी तो डाव्या हाताने, म्हणून तिचा पीळ उलटा पडे. बापाच्या दोन पेडांत तिचा एक घातला, की दोर भुसभुशीत होऊन सुटे. लिंबा आधी चेष्टेवारी नेई. "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, तशी गत हाय हिची," म्हणे. पण कुशा गेला आणि गावच्या भगताने चारचौघांत विचारलं, "लिंबा, दोरात डाव्या हाताचा पेड तर न्हवता?"

नव्हता. तरी लिंबाच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याने तो दोर तीनदा उकलून पाहिला. एकही उलटा पेड सापडला नाही, तेव्हा तर त्याला जास्तच संशय आला. शेवटी त्याने पोरीच्या डाव्या हाताला मुठीपासून मनगटापर्यंत फडकं करकचून बांधलं. गजरा आठ दिवस रडली, मग रडायची थांबली. घरी कुणी आलं, की ती तो हात मांडीखाली घेऊन त्यावर बसे.

दोन वर्षांनी चैत्र लागला तसा भगत म्हणाला, "औंदा लिंबाच खाली जाईल. खोट दोरात हाय का वळणाऱ्यात, आईच दावंल. फिरला तर बिऱ्हाड उचलायचं." आपण फिरणार, हे लिंबाला ठाऊक होतं. सगळेच फिरतात! फक्त कोणत्या पापासाठी, हे तो रोज नव्याने शोधत बसे.

अशात एका दुपारी तो घरी आला, तर गजराने फडकं दातांनी सैल करून ओसरीच्या वाशाला लाकडी बाहुलीचा झोपाळा टांगलेला, पाटासारख्याच दोन दोऱ्या एका कडीत अडकवून. लिंबाने हात उगारला, आणि तसाच थांबला. बाहुली हलत होती, पण फिरत नव्हती.

"काय केलंस?" तो ओरडला.

"काय न्हाई केलं, बा," पोरगी भिंतीला चिकटली. "तुझी दोरी एकच घावली, म्हून दुसरी म्या वळली."

लिंबाने स्वतःच्या हाताच्या दोन दोऱ्या लावल्या. बाहुली गरगरली. गजराच्या दोन लावल्या. गरगरली, पण उलट्या अंगाने. मग एक आपली आणि एक तिची लावली. बाहुली गप्प लटकत राहिली. त्याने बाहुली काढून दगड बांधला, दगड काढून पाणी भरलेली कळशी बांधली, उन्हं कलेपर्यंत त्याचा विश्वास बसेना. दोर ओझ्याने सुटू पाहतो आणि माणसाला फिरवतो. दुसरा उलट्या पिळाचा असला, तर तो त्याला धरून ठेवतो. कड्याच्या आईचा यात काही हात नव्हता.

उलटा दोर आपणच वळावा म्हणून तो बसला. पण चाळीस वर्षांची सवय ती. हात-दोन हात दोर झाला, की हात आपोआप उजवा पीळ घाली आणि सगळं सुटे. "बा, आन हिकडं," गजरा म्हणाली. तिच्या हाताचं फडकं तो सोडायला गेला, तर त्यानेच मारलेली गाठ त्याला सुटेना. दात लावावे लागले. आतली कातडी पांढरीफटक पडून सुरकुतली होती. ती बघून लिंबाला आपलं पाप सापडलं, असे सांगतात.

आठ दिवस दार लावून बापलेक राबले. पोरीने पेड वळायचे, बापाने ताणून धरायचे. दार का लावलं, म्हणून गावाने तर्क लढवायचे ते लढवलेच. आणि ठरल्या दिवशी खुंट्याला तो दोर बघून भगताचे डोळे पांढरे झाले. "ह्यो उलटा दोर? आईच्या कड्याला?"

"बसनार म्या हाय. मेलो तर म्याच मरंन," लिंबा म्हणाला. दोर धरायला कुणी पुढे होईना, तेव्हा शेवंता आली आणि तिने पदर खोचला. मग लाजेकाजेस्तव बाकीचे आले.

लिंबा खाली गेला. सरळ गेला. झऱ्याचं तोंड मोकळं केलं आणि सरळ वर आला. आनंद कुणालाच झाला नाही. "फिरला न्हाई म्हंजी करणी केली हिनं," एक बाई गजराकडे बोट करून म्हणाली. फिरला तरी खोट, न फिरला तरी खोट! पोरीचा हात पुन्हा मांडीखाली गेला. ते बघून लिंबा भगतापुढे पाट धरून उभा राहिला. "मग आता तुमी बसा."

भगत उभ्या जन्मात खाली गेला नव्हता. आजवर तो वरूनच बोट दाखवी. आता साऱ्या गावाची नजर त्याच्यावर. नाही म्हणायची सोय नव्हती, तेव्हा तो डोळे मिटून बसला. त्यालाही खाली सोडलं, तिथे चांगला वेळ ठेवला आणि वर घेतला. तो तसूभर फिरला नव्हता.

"माझ्या मनात खोट हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लई हाय. तरी बी न्हाई फिरलो."

मग शेवंता म्हणाली, "म्हंजी माजा मालक चोर न्हवता." भगताने डोईचं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. गावाने नुसत्या माना खाली घातल्या.

गजराने बापाला हळूच विचारलं, "बा, आता माजा हात उजवा झाला का?"

"न्हाई," लिंबा तिच्यापुढे उकिडवा बसला. "डावाच हाय. डावाच ऱ्हाऊ दे. चुकलं माजं."

आजही चैत्रात नवे दोर वळतात, आणि डाव्या पिळाचा दोर गावातल्या डावखुऱ्या माणसाच्याच हातचा लागतो. त्याच दिवशी पाच वर्षं पुरी झालेली पोरं खुंट्यापाशी उभी करतात आणि प्रत्येकाने आपलं 'डावं' काय ते सांगायचं. कुणी म्हणतं, माझ्या पायाला सहा बोटं आहेत. कुणी म्हणतं, मला बोलताना अडखळायला होतं. त्याचं बोलणं पुरं होईतो मधे कुणी शब्द सुचवत नाही. प्रत्येकाला गाव एकच उत्तर देतं, "ऱ्हाऊ दे." एखादं शहाणं पोर छाती काढून सांगतं, की माझ्यात काहीच वेगळं नाही, मी सगळ्यांसारखाच आहे. तेव्हा मात्र म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात. संशय येतो त्यांना. "जा, नीट बघून ये," म्हणतात, "आमी हाय हितंच." आणि ते पोर परत येईपर्यंत सारं गाव उन्हात थांबून राहतं.