मुकी गाठ

एकदा एका वृद्ध छातीरोगतज्ज्ञांकडे तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी आले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या एक्स-रेत त्यांच्या उजव्या फुप्फुसावर लिंबाएवढी सावली दिसली होती. खोकला नाही, ताप नाही, दम नाही. "भांडं घेताना ठोकून घेतात, तसं घ्या मला ठोकून, डॉक्टरसाहेब," ते हसत म्हणाले.

सीटी स्कॅन झाल्यावर त्यांच्या मुलाने डॉक्टरांच्या शिष्याला व्हरांड्यात गाठले. गाठीचे बाबांना सांगू नका, खचतील. सुईची तपासणी करायचीच तर छातीतले पाणी काढतोय म्हणा, अशी त्याने हात जोडून विनवणी केली. शिष्याला ते पटले. ज्याला काही दुखत नाही, त्याला दुःख कशाला द्यायचे? त्याने गुरूंना तसे सुचवले.

गुरूंनी मुलाला आत बोलावून वडिलांशेजारी बसवले. मग फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि व्यापाऱ्यांची खुर्ची स्वतःच्या हाताने तिच्याकडे वळवली. ही गाठ, ते म्हणाले. साधी असेल किंवा कर्करोगाची. तुकडा तपासल्याखेरीज कळणार नाही. मुलाने मान खाली घातली. व्यापारी पुढे वाकून फिल्म पाहू लागले.

"पण मला तर काहीच होत नाही," ते म्हणाले. आणि मग, "काढा तुकडा."

ते गेल्यावर शिष्य म्हणाला, "सर, आत आले तेव्हा हसत होते."

"हो. दुखणं असतं तर त्यानंच त्यांना सांगितलं असतं. कळ आली असती, थुंकीत रक्त दिसलं असतं. माणूस आपसूक आवराआवर करू लागतो. ही गाठ मुकी आहे, म्हणून तिच्या वतीनं आपल्याला बोलावं लागतं. आपणही गप्प बसलो, तर त्यांचं आयुष्य त्यांच्या पाठीमागे इतरच ठरवतील."

गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, तरी वर्षभराने आजार मेंदूत उमटला आणि व्यापारी गेले.

शिष्य त्यांच्या घरी भेटायला गेला. खरे सांगितल्याबद्दल व्यापाऱ्यांच्या पत्नी दोष देतील, असे त्याला वाटले होते. त्यांनी पाणी दिले, समोर बसल्या.

"शेवटचं वर्ष दुकान दिवेलागणीलाच बंद करून घरी यायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्या संसारात एवढं बोललो नव्हतो आम्ही."

दोघे काय काय बोलत, ते त्या सांगत राहिल्या. शिष्य ऐकत राहिला.