पाचूची मेख आणि ठकू माळीण

एका राज्यात पिवळा रंग उरला नव्हता. आंबे कैरीच राहत, पाडाला लागत नसत. जोंधळ्याची कणसे दाणे भरूनही हिरवीच, म्हणून प्रजा सकाळ-संध्याकाळ हुरडा खाई आणि कैरीचे लोणचे तोंडी लावी. पहिल्या पंधरवड्यात लोकांना मोठी मौज वाटली. महिन्याभराने कोणी हुरड्याचे नाव काढले की माणसे उठून जात. सोन्यासारखा झळकणारा हळद्या पक्षी राखाडी झाला होता आणि लाजेने पानांआडून बाहेर येत नव्हता.

हे सारे राजा पर्णकेतूच्या एका शब्दाने झाले होते.

राजाच्या महालापुढे मोठी हिरवळ होती, आणि राजाचा तिच्यावर भारी जीव. कन्या शेवंती हिची सोयरीक ठरली, तेव्हा होणारे व्याही, शेजारच्या देशाचे महाराज, फाल्गुनात भेटीला आले. हिरवळीकडे पाहून ते हसत म्हणाले, "महाराज, हिला हिरवळ कशी म्हणायची? ही तर पार पिवळी पडली!" सोयऱ्याची थट्टाच ती, पण राजाच्या जिव्हारी लागली. तो भरल्या ताटावरून उठला आणि त्याने दूरदेशीच्या मांत्रिकाला बोलावणे धाडले.

मांत्रिक पांढऱ्या वस्त्रांत आला. त्याने झोळीतून तीन विती लांब पाचूची मेख काढली.

"राजा, ही मेख ठोकली की तुझ्या हिरवळीवर पिवळे पाते दिसणार नाही. मोबदला एकच. तुझ्या राज्यातला पिवळा रंग मी नेईन."

"सगळा न्या," राजा म्हणाला. "मला त्याचे तोंडही पाहायचे नाही."

मेख ठोकली गेली. मांत्रिक वेशीबाहेर पडला तेव्हा त्याच्या अंगावर झळझळीत पीतांबर होता. इकडे हिरवळ गर्द हिरवी झाली ती झालीच. वाढेना, सुकेना, वाऱ्याने हलेना. राजा सज्जात उभा राहून तिच्याकडे पाही आणि मिशीवरून हात फिरवी.

वैशाखात शेवंतीचे लग्न उभे राहिले. वराला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत आली. सुवासिनींनी ती शेवंतीच्या गालांना लावली, पुसून पाहिले, तो गाल कोरेच. हळद राखेसारखी करडी. पुन्हा वाटली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही तेच. हळद चढल्यावाचून अक्षता टाकायच्या नाहीत, असा दोन्ही घराण्यांचा रिवाज होता. वऱ्हाड परत फिरले. जाताना व्याही म्हणाले, "पुढच्या वैशाखापर्यंत थांबू. तेव्हाही हळद चढली नाही, तर सोयरीक मोडली समजा."

शेवंती रडली नाही. करड्या हळदीची वाटी घेऊन ती बापापुढे उभी राहिली.

"बाबा, एका थट्टेपायी तुम्ही माझी हळद देऊन टाकलीत."

राजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग मेख उपटण्याची धडपड सुरू झाली. दहा मल्लांनी ती ओढली, ती जागची हलली नाही. हत्तीने ओढली, साखळदंड तुटला. सात डोंगरांपलीकडून तीन मांत्रिक आणवले. एकाने मंत्र म्हटले, दुसऱ्याने होम केला, तिसरा नुसताच जेवून गेला. राजा डोके धरून बसला, तेव्हा राखाडी हळद्या फांदीवरून खाली उतरला.

"राजा, मेख जादूची आहे. पण जिच्यात ती रुतली ती माती इथलीच आहे. मातीची जाणती बोलाव."

"कोणत्या देशाहून?"

"तुझ्या भिंतीपलीकडून. ठकू माळीण गावातल्या सगळ्या मैदानांची निगा राखते."

राजाचे स्वार सात डोंगर पालथे घालून आले होते. भिंतीपलीकडे मात्र कोणी डोकावले नव्हते.

ठकू आली. पन्नाशीची बाई, लुगड्याचा ओचा खोचलेला, कमरेला खुरपे. राजाला मुजरा करून ती सरळ हिरवळीवर उकिडवी बसली. तिने एक काडी उपटली, माती बोटांत चोळली, हुंगून पाहिली.

"माती दगड झालीय, महाराज. म्हणून मेख धरून बसलीय. माती मोकळी झाली की मेख आपसूक वर येईल."

"किती दिवसांत?"

"दिवसांचं काम नाही हे. तीन ऋतूंचं आहे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. दर ऋतूला एक काम, अन् ते तुम्ही स्वतः करायचं. तुमच्या शब्दानं रुतलीय, तुमच्याच हातानं सुटेल. मी सांगेन तसं करायचं, मधे बोलायचं नाही. कबूल असेल तर बोला, नाहीतर मी निघते. घरी हुरडा भाजायचाय."

राजाशी असे कोणी बोलले नव्हते. पण वाटीतली करडी हळद त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"कबूल," राजा म्हणाला.

पावसाळा आला. मेखेने गवत थांबवले होते, तण थांबवले नव्हते. लव्हाळा गुडघाभर माजला. "नुसता शेंडा ओढाल तर आठ दिवसांत पुन्हा हजर," ठकू म्हणाली. "खालची गाठ काढा." राजा खुरपे घेऊन गुडघ्यांवर बसला. मुकुट सारखा चिखलात पडे, म्हणून तो हळद्याच्या फांदीला टांगला. भाद्रपद सरता सरता राजाने शेवटची गाठ काढली, तशी मेख एक वीत वर आली आणि गवत हलले. वाढूही लागले. राजाने हर्षाने विळा उचलला, तो ठकूने हात धरला. "तीन बोटं वाढलं तर एकच बोट कापायचं. दोन त्याची त्याला राहू द्या."

हिवाळा आला. ठकूने राजाच्या हाती लोखंडी पहार दिली. वीत-वीत अंतरावर भोक पाडायचे आणि त्यात चाळलेली वाळू आणि शेणखत भरायचे. राजा पाट्या वाहू लागला. दरबारी शेल्याने नाक झाकून राज्यकारभार विचारायला येत आणि घाईघाईने परत जात. एका सकाळी शेवंती आली, पदर खोचला आणि बापाशेजारी खत भरू लागली. राजाच्या मिशीला शेण लागलेले पाहून ती खुदकन हसली. वऱ्हाड परत फिरल्यापासून पहिल्यांदा हसली. राजाने ती मिशी दिवसभर पुसली नाही. पौषात मेख आणखी एक वीत वर आली.

उन्हाळा आला. राजा बाह्या सरसावून ठकूपुढे उभा राहिला.

"ठकूबाई, तिसरे काम?"

"काही करायचं नाही."

"म्हणजे?"

"पाण्याचा थेंब द्यायचा नाही. गवत दमलंय, निजू द्या. निजलं तरच मेख सुटेल. थेंब पडला की ती पुन्हा रुतेल."

"पण ते मरेल!"

"पातं सुकेल. मूळ मरत नाही, महाराज. आषाढात बघा."

लव्हाळा खणणे सोपे होते, शेणखत वाहणे त्याहून सोपे. हात बांधून बसणे राजाला जमेना. चैत्र तापला, गवत मलूल झाले, माना टाकू लागले. राजा सज्जात येई आणि डोळे मिटून आत जाई. वैशाख लागला. वऱ्हाड वेशीवर आल्याची नौबत झडली, आणि भर दुपारी राजाचा धीर सुटला. झारी भरून तो अनवाणी हिरवळीवर धावला आणि मेखेपाशी झारी तिरकी केली.

तो काय! मेखेच्या बुडाशी एका पात्याचा शेंडा पिवळा झाला होता. तिळाएवढा. हात सवयीने आणखी कलंडला, थेंब झारीच्या तोंडाशी आला, आणि राजाला शेवंतीचा आवाज आठवला: बाबा, तुम्ही माझी हळद देऊन टाकलीत.

राजाने झारी उचलली आणि सगळे पाणी स्वतःच पिऊन टाकले. मग मांडी घालून, हात मांडीत दाबून, उन्हात बसून राहिला.

एका पात्याचे दोन झाले, दोनाचे शंभर. पिवळेपण हिरवळभर पसरत गेले. मेख कलली, सुटली आणि आडवी पडली. त्याच घटकेला हळद्या सोन्यासारखा झळकत फांदीवरून उडाला. कैऱ्यांना पाड लागला, कणसे पिकली. दूरदेशी भर सभेत मांत्रिकाचा पीतांबर पांढराफटक पडला.

राजा मुलासारखा नाचत महालाच्या दरवाजाकडे पळाला. व्याही पालखीतून उतरत होते. त्यांनी हिरवळीकडे पाहिले आणि नकळत म्हणाले, "महाराज, हिरवळ तर पार पिवळी पडली!"

राजाने त्यांना कडकडून मिठी मारली.

"पडली ना? खरंच पडली ना? पुन्हा एकदा म्हणा!"

व्याह्यांनी पुन्हा म्हटले. वऱ्हाडानेही म्हटले. त्याच पिवळ्या गवतावर पाट मांडला आणि शेवंतीच्या गालांवर हळद अशी चढली की दोनदा धुऊनही निघेना. उरलेली हळद तिने बापाच्या मिशीला लावली.

ठकूला बारा महिन्यांच्या बोलीवर राजाच्या हिरवळीची निगा राखण्याचे काम मिळाले. आषाढात गवत मुळापासून हिरवे उठले आणि फाल्गुनात पुन्हा पिवळे पडले. त्या राज्यात अजूनही फाल्गुनात राजा झारी खुंटीला टांगतो, आणि घरोघर हळद वाटली जाते. तिथल्यासारखी हळद तुमच्याआमच्या दारीही चढो.