गादीखालचं हाड

"मग हाड घट्ट झालं, हे वाईट कसं, वस्ताद?"

हिंदुरावनं गुडघ्याचा एक्स-रे तालमीच्या दारातल्या उजेडाला धरला. सांध्याच्या फटीखाली हाड पांढरंशुभ्र दिसत होतं. त्यावर बोट ठेवताना त्याची छाती फुगली होती. उमेदीची सारी वर्षं त्यानं बैठका मारल्या, भल्याभल्यांना अस्मान दाखवलं. त्याचंच हे पदक, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दौलू वस्ताद डोळे किलकिले करून बघत राहिले. डॉक्टर काय म्हणाले, एवढंच त्यांनी विचारलं.

हिंदुरावनं खिल्ली उडवतच सांगितलं. सांध्यात कूर्चेची गादी असते. भार पडला की तिच्याखालचं हाड किंचित दबतं, झटका गिळतं. पण मार खाऊन खाऊन ते जाड होत जातं. मग दबत नाही, आणि सगळा मार वरच्या गादीवर येतो. गादी झिजली की हाड आणखी जाड होतं. पुढं त्याला कडेनं टोकं फुटतात, आत बारीक पोकळ्या पडतात, म्हणे.

"म्हणे," वस्ताद म्हणाले.

"डॉक्टरला काय कळतंय? त्यानं कवा लंगोट लावलाय?"

वस्ताद नुसते हसले...

खरं तर हिंदुराव एक्स-रे दाखवायला आलाच नव्हता. वस्ताद आता थकले होते. दसऱ्याला ते तालीम कुणाच्या तरी हाती सोपवणार, हे गावाला ठाऊक होतं. हिंदुरावशिवाय दुसरं नाव होतं यशवंताचं. तो पोरांना पाठ थोपटून शिकवायचा, म्हणून हिंदुराव त्याला चारचौघांत 'मावशी' म्हणायचा.

रोज पहाटे आखाड्याची माती खोऱ्यानं उकरायची, तेल-ताक घालून भुसभुशीत करायची, ही तालमीची जुनी रीत. वस्ताद आजारी होते तेवढ्या दिवसांत हिंदुरावनं ती मोडली. मऊ मातीत मऊ गडी तयार होतात, असं त्यानं पोरांना बजावलं. माती बसत गेली, दगड झाली. परवा तिच्यावर आपटून सावंतांच्या पोराचं खांद्याजवळचं हाड मोडलं. काल यशवंतानं न विचारता माती उकरायला घेतली, तर हिंदुरावनं त्याच्या हातातलं खोरं काढून घेतलं. आखाडा निम्मा उकरलेला, निम्मा तसाच राहिला.

वस्ताद उठले. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आखाड्याच्या टणक अंगाला जाऊन उभे राहिले.

"उचल मला. आणि हितं आपट."

हिंदुरावला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"आपट म्हणतोय न्हवं? माती तुझीच हाय."

गुरूचा शब्द. हिंदुरावनं कमरेला मिठी घालून त्यांना उचललं. एकेकाळी जे अंग चार जणांना हलवता येत नव्हतं, ते आता कडब्याच्या पेंढीएवढं हलकं झालं होतं. बरगडी न बरगडी हाताला लागत होती. वस्तादांनी डोळे मिटले, मान सैल सोडली.

...

हिंदुरावचे पाय आपसूक वळले. उकरलेल्या मातीत जाऊन त्यानं गुडघा टेकला. कळ मस्तकात गेली. ओठ दाबून त्यानं वस्तादांना तान्ह्या लेकराला ठेवावं तसं खाली ठेवलं.

"हितं का आणलंस?"

हिंदुराव उठायला गेला, तर गुडघा उघडेना. तसाच बसून राहिला. मान मात्र ताठच होती.

"वस्ताद... तालीम कुणाची, तेवढं सांगा."

वस्ताद उताणेच पडून होते. बाजूची माती त्यांनी ओंजळीनं छातीवर ओढून घेतली.

"ज्याच्यावर पोरं बिनघोर पडतील, त्याची."