आग्रह नावाचा डाव

एकदा एका तरुणाला एक डाव हवा होता, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नव्हता.

हा तरुण संगणकावरचा लढाईचा खेळ तयार करीत होता. अशा खेळात दोन योद्धे पडद्यावर समोरासमोर उभे राहतात, आपण बटणे दाबतो आणि ते एकमेकांना बदडतात. प्रत्येक योद्ध्याचा एक खास डाव असतो, आणि त्याची सारी कीर्ती त्या डावावर उभी असते. कुणी तळहातातून आग फेकतो, कुणी हवेत गरगर फिरून टाच मारतो. आपल्या तरुणाचा नायक होता लाल मातीतला पैलवान. चांगली नोकरी सोडून त्याने त्याला घडवला होता. मिशांचा पीळ जमला होता, लंगोटाची गाठसुद्धा जमली होती. डाव तेवढा सापडत नव्हता, म्हणून तात्पुरती त्याच्याही हातात आग दिली होती.

खेळ बाजारात आणणाऱ्या व्यापाऱ्याने ती आग पाहिली आणि जांभई दिली.

"अहो, असली आग मी वर्षानुवर्षं विकतोय. तुमच्या पैलवानाचं स्वतःचं असं काय आहे? दसऱ्याला दाखवा. नाहीतर हा विषय बंद."

त्याच्यासोबत नोकरी सोडलेले मित्र केव्हाच नोकरीला परत गेले होते. हाही विषय बंद झाला असता, तर तरुणापाशी फक्त एक आग फेकणारा पैलवान उरला असता. पण तो चिवट होता. त्याने शोध सुरू केला, तेव्हा कृष्णाकाठच्या एका वृद्ध वस्तादांचे नाव पुढे आले.

या वस्तादांची मान म्हणे इतकी जाड होती, की त्यांना मागे पाहायचे झाल्यास रस्त्याला वळण येईपर्यंत ते सरळ चालत जात. मी हे पाहिलेले नाही. पण ज्याने सांगितले तो खोटे बोलताना डोळे मिटतो, आणि त्या वेळी त्याचा एक डोळा तरी निश्चित उघडा होता. उमेदीच्या काळात वस्तादांचा एक डाव पंचक्रोशीत गाजला होता. पडलेला पैलवान उठून आधी विचारी, "मला पाडलं कुणी?"

तरुण कॅमेरा घेऊन तालमीत पोहोचला आणि पाया पडून म्हणाला, "वस्ताद, तुमचा डाव पाहिजे."

"कुणाला?"

"माझ्या खेळातल्या पैलवानाला." त्याने फोनवर पैलवान दाखवला.

वस्तादांनी फोन लांब धरून बघितला. "वाळलाय जरा. खातो काय?"

"वीज, वस्ताद."

"मग बराबर हाय." वस्ताद आत गेले आणि परत आले ते लांब दांड्याचा पितळी डाव घेऊन, ज्याने पंगतीत आमटी नि खीर वाढतात तो. दुसऱ्या हातात गव्हाच्या खिरीची बादली होती. "घे. आज तालमीच्या मारुतीची जेवणावळ हाय. ही बादली रिकामी करून आण."

"वस्ताद, मी या डावाबद्दल नव्हतो बोलत."

"मी ह्याच डावाबद्दल बोलतोय."

तरुण पंगतीत शिरला. तेवढ्यात पैलवानांनी आपापले पंजे पत्रावळीवर पसरले. पंजे असे, की खाली पत्रावळ आहे हे विश्वासानेच मानावे लागे.

"नको, नको, मालक! गळ्यापातुर आलंय!"

"घ्या हो थोडी," म्हणत तरुणाने रेटून वाढली. खीर बोटांवर पडली.

"हातावर वाढतोस व्हय रं? आता हात चाटू का?"

पंगत खदखदून हसली. तरुणाला चेव आला. त्याने जोर वाढवला, तशी खीर कुणाच्या मनगटावर, कुणाच्या मांडीवर आणि एकाच्या तर मिशीवर पोहोचली. पत्रावळी मात्र कोरड्याच राहिल्या. बादली जवळजवळ भरलेली घेऊन तो परतला, पण दात आवळून म्हणाला, "वस्ताद, पुन्हा जातो. सगळ्यांना वाढल्याशिवाय सोडत नाही."

"आण हिकडं. नुसता बघ आता."

वस्ताद बादली घेऊन पंगतीतून निघाले. एक पैलवान 'नको' म्हणून ओरडत होता. वस्तादांनी डाव डावीकडे दाखवला, त्याचे पंजे डावीकडे धावले, आणि खीर उजवीकडे अलगद पडली. "अवं, वस्ताद!" एवढेच तो म्हणाला आणि भुरके मारू लागला. अशी पंगतभर बादली रिकामी होत गेली. मध्येच एक गृहस्थ हात मांडीवर ठेवून मुकाट बसले होते. त्यांची पत्रावळ उघडी होती. वस्ताद त्यांच्यासमोर कमरेतून किंचित वाकले, आणि न वाढताच पुढे गेले.

तरुण गोंधळला. "ज्यांनी अडवलं त्यांना वाढलंत, आणि अडवलं नाही त्यांना वगळलंत. हे कसं?"

वस्तादांनी रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसले.

"जवानीत मला निंगाप्पा म्हणून एक गडी सारखा पाडायचा. त्याचे हात म्हंजे किल्ल्याचं दार. आत शिरायलाच मिळंना. हरणाऱ्याला तालमीत वाढप्याचं काम. एकदा त्योच निंगाप्पा जेवाया आला. पानावर त्येच हात, आन् मी वाढून पुढं गेलो बी! मग इचार केला, आखाड्यात उघडत न्हाई ते दार हितं कसं उघडलं? आखाड्यात मला त्याला पाडायचं असायचं, म्हणून मी हात बघायचो. पंगतीत त्याला खाऊ घालायचं हुतं, म्हणून तोंड बघितलं. हात न्हाई म्हणत हुते, डोळे खिरीवर हुते. पुढच्या कुस्तीत मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो. हिकडं हात दावला, तिकडनं कमरंत शिरलो. निंगाप्पा आभाळ बघत पडला. डावाला नाव पडलं आग्रह."

"आणि ते गृहस्थ?"

"त्यांचं पोट भरलं हुतं. नको म्हणायला लाजत हुते, एवढंच. तू मघाशी बादली घिऊन पुन्यांदा वाढाया निघालास, त्यो आग्रह न्हवं पोरा, हट्ट. हट्ट हाताकडं बघतो. आग्रह तोंडाकडं बघतो."

तरुणाने कॅमेरा उघडलाच नाही. घरी येऊन त्याने पैलवानाच्या हातातली आग विझवली. मग प्रतिस्पर्ध्यांना डोळे दिले. आजवर त्यांना फक्त मुठी होत्या. डोळे नीट हलेपर्यंत तो खुर्चीवरून हलला नाही.

दसऱ्याला व्यापाऱ्याने त्याला दारात पाहिले आणि दोन्ही तळवे पुढे धरले. "नको. खरंच नको. यंदा लढाईचे खेळ घ्यायचेच नाहीत, असं ठरलंय."

एरवी तरुणाने खेळाचे गुण घसा बसेपर्यंत ऐकवले असते. आज त्याने टेबलावर खेळ नुसता सुरू करून ठेवला, आणि प्रथमच व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. तळवे नको म्हणत होते, पण नजर पडद्यावरच्या पैलवानाकडे वळत होती आणि लाजून माघारी येत होती. तेव्हा तरुणाच्या ध्यानात आले, की जन्मभर खेळ विकणाऱ्या या माणसाने आपल्यासमोर एकदाही बटणाला बोट लावलेले नाही.

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "शेठ, माझ्याशी एक कुस्ती खेळता?"

"छे हो! बोटं वळत नाहीत माझी. कधीच जमलं नाही मला ते."

"बोटांकडे बघायचंच नाही. पैलवान तुमचा, समोरचा गडी माझा. माझ्या गड्याच्या डोळ्यांकडे बघा. इकडे हात दाखवा, आणि त्याचे डोळे वळले की हे बटण."

व्यापाऱ्याचा पैलवान आपटला. पुन्हा आपटला. मग त्याने बटणांकडे पाहणे सोडून दिले. श्वास रोखून तो समोरच्या डोळ्यांत पाहत राहिला, आणि एका क्षणी तरुणाचा गडी लाल मातीत उताणा झाला.

"पाडला!" व्यापारी खुर्चीवरून उठलाच. "मी पाडला हो!" आवाज ऐकून कारकून धावत आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवले. "दिवाळीच्या आधी बाजारात आणू. तयारीला लागा. पण या डावाला म्हणायचं काय?"

"आग्रह."

"वा! आणि गंमत बघा, मघाशी तुम्ही मला जरासुद्धा आग्रह केला नाहीत."

तरुण नुसता हसला, आणि त्याने पुढचा गडी मातीत उभा केला.