यमुनेची रास

हाकेच्या टेकडीवर चढताना डाव्या हाताला दगडांच्या राशी लागतात. बाहेरचे लोक त्यांना थडगी समजतात आणि हात जोडून पुढं जातात. जोडा बापडे, हात जोडल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण थडगी नव्हेत ती. ती नावं आहेत. आमच्या कुसळवाडीत पोर जन्मली की बाराव्या दिवशी तिच्या नावाचा एक दगड ओढ्यातून उचलून इथं आणून ठेवायचा, आणि ज्या नावाची जी रास, त्या राशीवर ठेवायचा. एका नावाची एक रास. हे कधीपासून चालत आलंय ते कुणी सांगू शकत नाही. कशापायी चालत आलं ते मात्र सगळे सांगतात.

नीट बघा म्हणजे तुम्हालाही वाचता येतील. ती गवतात बुडालेली आहे ना, ती धोंडाबाईची. त्या नावाचा दगड आता कुणी आणत नाही. पलीकडं जोडीनं उभ्या आहेत त्या सुनीता आणि संगीता. त्यांचं राज्य होतं तेव्हा शाळेत बाईंनी नुसतं 'सुनीता' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. आता तिथं सरडे ऊन खातात. हल्लीच्या राशी त्या वरच्या अंगाला, आराध्या म्हणू नका, अन्वी म्हणू नका, काय काय ती नावं! म्हणेपर्यंत पोर रांगायला लागते. कुणाची रास वर गेली यावरून पोरी जत्रेत पैजा लावतात. परवा दोघी जावा भांडत आल्या. एकीची श्रेया, दुसरीची श्रिया, आणि दोघींनाही वेगळी रास हवी. त्यांना सांगितलं, बायांनो, दाखल्यावर काय वाटेल ते लिहा, इथं रास एकच. का, ते खालची ती बेढब, पसरलेली, सगळ्यांत मोठी रास सांगेल. ती यमुनेची. तिच्यापुढं बसा थोडं. सांगतो.

फार मागं या गावात ठकू नावाची सुईण होती, असं सांगतात. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, यमुना. त्या साली पाऊस पडला नाही. त्याच्या पुढल्या सालीही नाही. गाव जगायला म्हणून उगवतीकडं, नदीकाठच्या मुलखात निघालं. ठकूही चार वर्षांच्या लेकीला पाठुंगळी मारून निघाली. वाटेत एका पेठेच्या गावी कुणी पुण्यवान कण्या वाटत होता. तिथं ही झुंबड! ठकूनं लेकीला बाभळीखाली गाठोड्यावर बसवलं, इथनं हलू नको म्हणून बजावलं, आणि आपण गर्दीत शिरली. ओंजळभर कण्या घेऊन परतली तर बाभळीखाली गाठोडंही नाही आणि पोरही नाही. तेवढ्यात कुठले कुठले तांडे उठून कुठल्या कुठल्या वाटेला लागले होते. ठकूनं ती ओंजळ हातात तशीच धरून सगळ्या वाटा धुंडाळल्या, म्हणे. भेटेल त्याला विचारी, "यमुना नावाची पोर बघितली का हो? चार वर्षांची? यमुना?" बघितली म्हणणारं कुणी भेटलं नाही.

पाऊस झाला, गाव परत आलं, ठकूही आली. दुसरं जाणार कुठं? पण दिवेलागण झाली की ती या टेकडीवर चढायची आणि उगवतीकडं तोंड करून हाक मारायची, "यमुनाऽऽ!" खाली चुलीपुढं बसलेल्या बायकांच्या घशाखाली घास उतरत नसे. कुणी तिला समजावलं, कुणी चिडलंही. ठकू ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

शेवटी ती जोखाईच्या देवळात गेली. तिथं भगताच्या अंगात देवी आली आणि म्हणाली, "तुझ्या एकटीच्या गळ्यातली हाक या टेकडीखाली उतरत नाही गं. गावाच्या तोंडी जे नाव सगळ्यांत जास्त, त्याच नावाची हाक मी वाऱ्यावर घालते."

झालं. ठकूनं पदर खोचला. सुईण ती, गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा तिच्याच हातात यायचं. मुलगी झाली की ती म्हणायची, "मला खण नको, दाणे नकोत. एवढं करा, पोरीला यमुना म्हणा." नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यामुळं आत्याबाई फुगायच्या, बारशाला पाठीत धपाटे खायचे आम्ही आणि नाव ठेवायचं हिनं! पण ठकूचा चेहरा बघून त्याही गप्प बसत. ठकूला लिहिणं-वाचणं कुठलं येतंय? तिनं दगड मांडले. एक यमुना झाली की एक दगड. आणि आपलं नाव पुढं आहे की मागं हे कळायला नको का, म्हणून इतर नावांच्याही राशी तिनंच घातल्या.

तिथं तिला कळलं की गोष्ट सोपी नाही. त्याच सुमाराला पाटलांच्या घरात काशी नावाची सून आली होती. हसरी, देखणी, हाताची सढळ. बायकांनी तिचं बघून लुगडं नेसायची ढब बदलली, अंबाडा घालायची बदलली, आणि पोरींची नावंही काशी ठेवायला लागल्या. जिकडं बघावं तिकडं काशी! शिवाय नाव कसं आटोपशीर, मोडायला वाकवायला जागाच नाही. दगडावर दगड चढून काशीची रास कमरेला लागली.

आणि यमुनेचं काय झालं? नाव लोक ठेवत, पण तोंडात टिकत नसे. एका घरात सासूच यमुना निघाली. सून सासूचं नाव घेणार कशी? तिनं लेकीला जमना म्हणायला सुरुवात केली. एका आळीत तीन यमुना झाल्या. हाक एकीला मारली की तिघी धावायच्या, मग कुणी यमू झाली, कुणी येमुना, कुणी जमनी. ठकू सरपणाला, पाण्याला जाता-येता कान देऊन ऐकायची. यमुनेच्या राशीत घातलेली पोर दुसऱ्याच नावानं हाकारली जातेय असं ऐकलं की ती टेकडीवर यायची, तो दगड उचलायची आणि बाजूला वेगळा मांडायची. यमूची वेगळी रास, जमनेची वेगळी, येमुनेची वेगळी. चार-पाच बारक्या राशी, आणि मधली यमुनेची सगळ्यांत बारकी.

शेजारणी म्हणायच्या, "अगं ठकाक्का, घाल की सगळे एकात. कोण बघायला बसलंय?"

"देवी बसलीय," ठकू म्हणायची. "मी तिला फसवू? आणि माझ्या लेकीचं नाव मी धडधाकट ठेवलंय. लुळं करून मला नको."

हट्टी, म्हणाल तर हट्टी. पण अशी वर्षांमागून वर्षं गेली. तिच्या हाताखालच्या पोरी सासरी गेल्या, बाळंतपणाला माहेरी आल्या, त्यांनाही तिनंच सोडवलं. केस पांढरे झाले. काशीची रास पुरुषभर झाली, यमूच्या, जमनेच्या राशीही छातीला लागल्या. संध्याकाळची हाक चालूच होती, आणि ती टेकडीखाली उतरत नाही हे हाक मारणारीला पक्कं ठाऊक होतं. त्या वेळी तिच्या मनाची काय दशा होत असेल, सांगा. लेक कुठंतरी असेल, मोठी झाली असेल, आईनं टाकलं असंच समजत असेल, एवढा एकच काटा तिला रात्रंदिवस टोचत होता.

एकदा ती खालच्या तळ्यावर धुणं धूत होती. कुंभाराची नात, जमना, काठाच्या शेवाळावर पाय टाकत खोल पाण्याच्या बाजूला निघाली होती, पाठमोरी. ठकूनं मान वर केली, पोर दिसली, आणि तिच्या पोटातून हाक आली.

"यमेऽऽ!"

पोर जागच्या जागी थांबली आणि वळली. कुणीतरी धावून तिला उचललं. पोरीचं नाव जमना, आणि ती वळली यमे म्हटल्यावर! पण ठकूला त्याचं काही नव्हतं. ती हातातलं लुगडं तसंच धरून बसून राहिली होती. यमे. जन्मल्यापासून लेकीला ती हेच म्हणत आली होती. ए यमे, जेव. ए यमे, झोप. यमुना फक्त बारशाला म्हटलं होतं, एकदा. लेक हरवली त्या दिवशी परक्या माणसांना विचारताना नीट नाव सांगायचं म्हणून ती यमुना म्हणायला लागली, आणि मग यमी हा शब्द तोंडाशी आला की पुढं विचारणंच व्हायचं नाही, म्हणून तो तिनं गिळला तो गिळलाच. चार वर्षांचं पोर ते. त्याला आपलं नाव यमुना आहे हे ठाऊक तरी होतं का?

"अगं आई गं," ठकू म्हणाली, म्हणे. "मी इतकी वर्षं कुणाला हाक मारत होते?"

"हाकेला वळते ती यमुनाच," म्हणत ती तशीच ओल्या लुगड्यानं टेकडीवर गेली. जमनेच्या राशीतला दगड उचलला, यमुनेच्या राशीवर टाकला. दुसरा उचलला. तळ्यावरच्या बायका मागोमाग आल्या, त्यांनी बघितलं आणि न विचारता दगड उचलायला लागल्या. पोरीबाळी आल्या. कुणी यमूची रास फोडली, कुणी येमुनेची. रचायचं भान कुणाला? जिथं जागा मिळेल तिथं टाकले, म्हणून ही रास अशी बेढब. एवढ्यात पाटलीण काशीबाई काठी टेकत वर आल्या. आता त्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी आपल्या नावाची रास बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ठका, माझं नाव तुझ्या लेकीच्या वाटेत उभं होतं आणि तू मला कधी बोलली नाहीस?"

"तुमचा काय दोष, काशीबाई? लोकांना आवडलात तुम्ही."

"माझे काढून टाक की चार थर."

"नको. देवीला फसवायचं नाही," ठकू म्हणाली. मग पाटलीणबाईंनी काठी टाकली आणि त्याही दगड वाहू लागल्या. दिवस कलायच्या आत यमुनेची रास काशीच्या वर गेली.

दिवेलागणीला ठकू उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "यमेऽऽ!" गावातल्या झाडून सगळ्या यमुनांनी, यमूंनी, जमनांनी, माळावरून, मळ्यातून, चुलीपुढून ओ दिली. ठकू एकेक आवाज ऐकत होती. सगळे ओळखीचे, प्रत्येकीचा पहिला टाहो तिनंच ऐकला होता. आवाज विरले तशी कुणीतरी हळूच विचारलं, "आली का गं तिची ओ?"

"नाही," ठकू म्हणाली. "पण आज हाक तिची होती."

त्यानंतर ती काही वर्षं जगली आणि रोज यमे म्हणून हाक मारत राहिली. मग एका पावसाळ्यात गेली. लेक तिला भेटली असं काही गावांत सांगतात, दोघी गळ्यात पडल्या वगैरे. तसं झालं असतं तर कुणाला नको होतं? पण आमच्याकडं तसं सांगत नाहीत.

आमच्याकडं सांगतात ते असं. ठकू गेल्यावर पुढल्या उन्हाळ्यात एक परकी बाई तळ्यावर पाणी प्यायला वाकली होती. पायाला फोड आलेले, कडेवर लहान मूल. तेवढ्यात कुणीतरी आपल्या पोरीला हाक मारली, "यमेऽ!" नेहमीप्रमाणं पाणवठ्यावरच्या दहाबारा जणी वळल्या. त्यांच्याबरोबर ती परकी बाईही वळली.

बायका चपापल्या. तिला बसवलं, विचारलं. ती म्हणाली, तिचं नाव रंगू. नदीकाठच्या मुलखात रंगपंचमीला सापडली म्हणून तिकडच्या लोकांनी ठेवलेलं. आधीचं काही आठवत नाही. पण काही वर्षांपूर्वी दिवेलागणीला मावळतीकडून कुणीतरी 'यमे' म्हणून हाक मारायला लागलं. घरच्यांना वाटलं बाधा झाली. अंगारे झाले, उतारे झाले. हाक काही थांबेना आणि तिलाही ती थांबायला नको होती.

"मग आत्ताच कशी गं निघालीस?" एकीनं विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात हाक बंद झाली," ती म्हणाली. "मग मला घरात राहवेना. वाटेत प्रत्येक गावाला विचारत आले, तुमच्याकडं कुणाला यमे म्हणतात का."

पाटलीणबाई अजून होत्या, त्यांनीच तिला हाताला धरून इथं वर आणली, रास दाखवली, सगळं सांगितलं. ती रडली नाही, म्हणे. मूल काशीबाईंच्या हातात दिलं, ठकू उभी राहायची तिथं जाऊन उभी राहिली, आणि समोर नुसता माळ होता तरी मोठ्यानं म्हणाली, "ओऽऽ! आले गं आई!"

आजही आमच्याकडं बारशाला आत्या कानात सांगते ते नाव कुठलंही असो, आई बाळाला घेऊन टेकडीवर येते आणि तिच्या तोंडात बसेल त्या नावानं एकदा मोठ्यानं हाक मारते. दगड त्या हाकेचा. आणि हाक मारून झाली की सगळे गप्प राहतात. वाजंत्री थांबते, पोरांना दटावतात, आंगठेबहाद्दरांपासून शहरात शिकलेल्या पोरींपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. बारा दिवसांचं बाळ काय ओ देणार, हे सगळ्यांना कळतं. पण एखादीला यायला उशीर होतो. म्हणून थोडा वेळ थांबायचं, आणि मगच पेढे वाटायचे.