हौशाने तोंड फिरवलं तेव्हा

फार पूर्वी, घाण्याची कुरकुर ऐकत जागं होणारं एक गाव होतं. तिथे एक तेली राहायचा. घरात तो, त्याची तेलीण, त्यांची सहा वर्षांची लेक ठकू, आणि घाण्याचा बैल हौशा. साऱ्या गावाच्या फोडणीला तेल त्यांच्याच घाण्याचं. ओसरीवर तेलाचे बुधले ओळीने मांडलेले असायचे.

हौशा दिवसभर घाण्याभोवती गोल फिरायचा. डोळ्यांवर झापडं, आणि करडईत तोंड घालू नये म्हणून तोंडाला दोरीचं मुसकं. ते मुसकं रोज सकाळी तेलीणच बांधायची. बांधताना तो तिचा हात चाटायचा. तिला कसंसंच व्हायचं. समोर एवढा ढीग, आणि याच्या तोंडाला दोरी. ती म्हणायची, "एक दिवस तुला मनासारखं खाऊ घालीन रे बाबा."

तो दिवस पोळ्याचा. आदल्या संध्याकाळी तिने त्याचे खांदे हळद-तुपाने चोळले, उद्या जेवायला ये म्हणून आवतण दिलं. सकाळी मोठं पातेलं भरून हरभऱ्याची डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण वाटलं. तेली हौशाला सजवून मिरवून घेऊन आला आणि बहिणीला आणायला शेजारच्या गावी गेला.

त्या गावात बैलाला नैवेद्याची एक पोळी द्यायची रीत. फार तर दोन. तेलिणीने पहिली दिली, दुसरी दिली, आणि मग थांबेचना. ठकूला भरवताना म्हणायची तसंच म्हणत राहिली, "हा शेवटचा हं. हा शेवटचा." दारात बायका बघायला जमल्या. तेलिणीला आणखीच हुरूप आला.

तेवढ्यात एक म्हातारा धनगर मेंढ्या घेऊन तिकडून चालला होता. तो थांबला.

"माय, बास कर. कडब्यावरचं पोट हाय त्याचं. एवढी डाळ, एवढा गूळ सोसायचा न्हाई त्याला."

तेलीण फणकारली. "तुमच्या मेंढ्यांना कुणी पोळी घालत नाही, म्हणून दुखतंय होय बाबा तुमच्या पोटात?"

बायका खो खो हसल्या. म्हातारा वळला. मेंढ्या हाकत माळाकडे निघून गेला.

आठवी पोळी असेल, की नववी. हौशाने तोंड फिरवलं.

"आई, त्याला नको आहे," ठकू म्हणाली.

"अगं, लाजतोय तो. लाडाची सवय आहे का त्याला?"

ती दुसऱ्या बाजूने गेली. त्याने पुन्हा तोंड फिरवलं. मग तिने एका हाताने त्याचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताने घास कोंबला. हौशाने खाल्लं. तिच्या हातचं त्याने कधी टाकलं नव्हतं.

बायका आपापल्या घरी गेल्या. थोड्या वेळाने ठकू पळत आली. "आई, हौशा रवंथच करत नाही. आणि बघ ना, त्याचं पोट एकाच बाजूने वर आलंय!"

खरंच, डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. तो सारखा उठत होता, बसत होता, मागच्या पायाने पोटावर लाथ मारत होता.

शेजारची माळीण म्हणाली, "एवढ्या जणींनी बघितलं खाताना. नजर लागली गं."

मग मीठ-मोहरी उतरवली. मिरच्या जाळल्या. अंगाऱ्याचं बोट लावलं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, पण पोट काही उतरेना.

"धनगरबाबांना बोलावू?" ठकूने विचारलं.

तेलिणीच्या ओठावर "जा" आलं होतं. पण मघाचं बोलणं आठवलं. आता त्याच म्हाताऱ्यापुढे जायचं? आणि त्या बायका? मघाशी त्याला हसल्या, आता मला हसतील.

"नको," ती म्हणाली. "जिरेल आपोआप."

नाही जिरलं. हौशा जीभ बाहेर काढून श्वास घ्यायला लागला, तेव्हा ती अनवाणी माळावर पळाली. लाज कुठे गेली तिला कळलंच नाही.

म्हातारा तसाच उठून तिच्याबरोबर आला. हौशाच्या कुशीवर त्याने बोटांनी वाजवलं. ढोलासारखा आवाज आला.

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"तेल पाजलंस?"

"तेल?" तेलीण बघतच राहिली.

"गोडं तेल, माय. ओवा-हिंग घालून. पोटात फेस झालाय, त्यात वारा कोंडलाय. तेलानं फेस मोडतो, वारा ढेकरावाटे बाहेर पडतो. दुपारी पाजतीस तर..." त्याचं लक्ष ओसरीवरच्या बुधल्यांकडे गेलं, आणि त्याने मान खाली घातली.

ती धावत बुधला घेऊन आली. पण हौशा तोवर आडवा झाला होता. म्हाताऱ्याने तिचा हात धरला. "आता नको. गिळायची ताकद न्हाई त्याच्यात. वतलं तर छातीत जाईल."

तिने बुधला खाली ठेवला आणि हौशाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने एकदा तिचा हात चाटला. दिवे लागायच्या आत तो गेला. शिंगांवरचा बेगड तसाच चमकत होता.

तेली बहिणीला घेऊन आला. सगळं ऐकून तो हौशाशेजारी जाऊन बसला. तेलीण रडत म्हणाली, "मी मायेनेच घातलं हो."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. याहून तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या पोळ्याला घाण्यावर दुसरा बैल होता. तेलिणीने त्याला एक पोळी दिली आणि पुढ्यात रोजचा कडबा टाकला. मग धनगराला जेवायला वाढलं आणि हात जोडले. "बाबा, त्या दिवशी मी बोलले..."

"अगं, मला तरी कुठं आधी कळत हुतं?" म्हातारा म्हणाला. "कवळा वला चारा पोटभर घातला, दोन मेंढ्या फुगून मेल्या, तवा शिकलो मी."

शेजारी ठकू जेवत होती. तेलीण तिला पोळी भरवत होती. तीन-चार घास झाले आणि ठकूने तोंड फिरवलं.

"हा शेवटचा" असं तेलिणीच्या तोंडात आलं होतं. तिने ते गिळलं. हातातला घास ताटात ठेवला, ठकूचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, अंगणात दोन फेऱ्या मारू."

घास मात्र बराच वेळ ताटात तसाच होता. तेलिणीला तो उचलवेना.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: खाणाऱ्याने तोंड फिरवलं की भरवणाऱ्याने हात आवरावा. आणि पोट फुगलं तर लाजेपायी वेळ न दवडता जाणत्याला विचारावं, कारण नंतर घरात असलेलं औषधही उपयोगी पडत नाही.